पावती नंबर तीनशे सतरा

सेलूत मोंढ्याच्या मागं माझं दुकान.
दुकान म्हणजे एक शटर, दोन मशिनी
आणि खिळ्याला लटकलेलं पावतीबुक.
एकोणीस वर्षं गावातल्या बायांची मापं माझ्याजवळ आहेत.
कुणाची कंबर सुटली, कुणाची छाती दुखण्यात उतरली,
मला ठाऊक असतं.
मी कुणाची मापं काढत फिरत नाही.

स्टँडवर काही झालं की आठ दिवसांत
आया पोरींना घेऊन येतात.
पोर गप्प. आईच बोलते:
गळा एक इंच वर घ्या मावशी.
बाही मनगटापर्यंत.
साईडचा कट गुडघ्याला आणा.
अन् ह्या जीन्सचं काय होतंय ते बघा.
जीन्सच्या पायाच्या पिशव्या चांगल्या होतात,
दळणाला टिकतात.

खोटं कशाला बोलू, मी पण म्हणाले आहे,
"एवढा खोल नको गं, गाव आपलं लहान."
तोंडात टाचण्या धरून म्हणाले.
त्यामुळं नीट ऐकू गेलं नसेल,
असं आपलं मी धरून चालते.

गळा चढत गेला.
साडेसहाचा सहा, सहाचा पाच.
कापड लागायचं त्याहून अर्धा मीटर जास्त लागायला लागलं
आणि पानटपरीवरची एक शिट्टी कमी झाली नाही.
माझी टेप साठ इंचांची.
साठाच्या पुढं लोखंडाची पट्टी आहे नुसती.

मग बाजाराच्या दिवशी, क्लासहून येताना,
एसटीच्या पायरीवर शिवकन्येला मागून हात आला.
तिनं तो धरला. ओरडली.
लोक म्हणाले, जाऊ दे पोरी, गाडी सुटायली.
गाडी सुटली, हातही सुटला.

तिची आई धापा टाकत दुकानात.
"साहेब विचारायलेत, अंगावर काय होतं?
ती बोलंना ओ."

मी पाय थांबवला, चाक फिरतच राहिलं.
चष्मा घेतला, पावतीबुक घेतलं.
टेप गळ्यातच होती.

लिहा म्हटलं, साहेब.
पावती नंबर तीनशे सतरा.
कापड कॉटन, रंग वांगी.
उंची बेचाळीस, बाही सतरा, गळा पाच.
आतून अस्तर, आईनं सांगून.
उजवीकडं खिसा, तिनं सांगून.
शिलाई साडेतीनशे, पैकी पन्नास बाकी.
हे मी बेतलं.
पोरीच्या जिवावर जे बेतलं
ते ह्या कापडातलं नाही.

आता त्याचं लिहा.
खांद्यापासून बोटापर्यंत हात किती इंच?
बाही कुठवर होती?
वरची बटणं लावलेली होती का?
दिवेलागणीला स्टँडवर काय काम काढलं होतं त्यानं?
घरी विचारून निघाला होता?

बाकड्यावरचे दोघं हसले.
साहेब म्हणाले, मावशी, तुम्ही शिवणकाम बघा.

कोपऱ्यात एक शिपाई बाई लिहीत होती.
तिची खाकी पण माझ्याकडंच येते, कंबरेत घ्यायला.
तिनं मान वर न करता विचारलं,
"हात कोणता? उजवा का डावा?"

"डावा," शिवकन्या म्हणाली.
दुपारपासूनचा पहिला शब्द.
"करंगळीत तांब्याची अंगठी. नख काळं पडलेलं."

पुढं काय झालं विचारू नका, तारखा चालू आहेत.
टपरीही चालू आहे.

काल ती आली, दोन मीटर पिवळं कापड घेऊन.
आई दारातच थांबली, चप्पल न काढता.
गळा? मी विचारलं.
तिनं गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवलं, मग थोडं खाली.
इथं.
आईनं तोंड उघडलं आणि मिटलं.
मी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या.
इथं, म्हटलं, अन् खडू टेकवला.

आणि मागचे पन्नास?
देते म्हणाली.
अजून दिले नाहीत.